फजरची नमाज: पहिल्यांदा उठणाऱ्यासाठी

पाच वेळच्या नमाजांत फजर, म्हणजे पहाटेची नमाज, सगळ्यांत आटोपशीर. दोन रकात (नमाजेच्या पूर्ण फेऱ्या) सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या रिवाजाच्या, दोन रकात फर्ज, म्हणजे सक्तीच्या, संपलं. दुपारच्या जोहरला नुसत्या फर्जच चार असतात, रात्रीच्या ईशाला शेवटी वित्र ही वेगळी नमाज असते. फजरला असं काही जोडलेलं नाही. घरी सावकाश पढली तरी दहा मिनिटांत होते. तरीही नेमाने नमाज पढणाऱ्या कुणालाही विचारा की तुमची कुठली सुटते, तर तो ओशाळून हिचंच नाव घेईल. मुनाफिकांना, म्हणजे वरवर श्रद्धा दाखवणाऱ्यांना, ईशा आणि फजर या दोन नमाजा सर्वांत जड जातात, अशी हदीसच (पैगंबरांचं नोंदलेलं वचन) आहे. तेव्हा या लेखात नमाज कशी पढायची हे तर आहेच, पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं, यावरही मी बराच वेळ घालवणार आहे.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी; या धर्माचे नियम सांगणाऱ्या दोन परंपरा. म्हणजे मी लहानपणी एका पद्धतीने शिकलो आणि आता रोज दुसऱ्या पद्धतीच्या इमामामागे उभा राहतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. नवख्या माणसाचा गोंधळ मात्र इथेच सर्वाधिक होतो, म्हणून फरक जिथे डोळ्यांत भरतात तिथे ते सांगत जाईन.

वेळ नेमकी कुठून कुठवर

फजरची वेळ सुबह सादिकपासून सुरू होते आणि सूर्याची कड वर येताच संपते. सुबह सादिक म्हणजे खरी पहाट. त्याआधी पूर्वेला एक उभा, निमुळता उजेड दिसतो आणि विरून जातो. ती सुबह काजिब, खोटी पहाट. खरी पहाट आडवी पसरते, क्षितिजाच्या कडेने, आणि मग वाढतच जाते. गावाकडे अमावास्येच्या आसपास अंगणात उभं राहून हे एकदा तरी पाहावं. शहरात रस्त्यावरच्या दिव्यांपुढे काहीच दिसत नाही, तिथे वेळापत्रकच बघावं लागतं.

वेळापत्रकात दोन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे दुसऱ्या शहराचं वेळापत्रक वापरणं. नागपूरला सूर्य मुंबईच्या वीस ते तीस मिनिटं आधी उगवतो. मुंबईहून आणलेलं कॅलेंडर नागपुरात भिंतीला लावून त्यावर विसंबलात, तर शेवटच्या वीस मिनिटांत पढलेली फजर सूर्योदयानंतरची ठरेल. दुसरी चूक मोबाइलच्या अॅपमधली. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना पहाट धरायची, हे अॅपच्या सेटिंगमध्ये ठरतं. आपल्याकडे १८ अंश धरतात. बऱ्याच अॅपमध्ये ही पद्धत ‘कराची’ या नावाने असते. अमेरिकेतल्या पद्धतीवर, १५ अंशांवर, सेटिंग राहिलं तर वेळ बारा-पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालेली दिसते. एरवी चालून जाईल, पण रमजानमध्ये सेहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) त्याच आकड्यावर संपवाल तर रोजा धोक्यात.

अंदाज यावा म्हणून मुंबईचं सांगतो. जूनच्या सुरुवातीला पहाट पावणेपाचच्या आतच होते आणि सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. जानेवारीच्या मध्यावर पहाट सहाच्या आसपास, सूर्योदय सव्वासातच्या जवळपास. म्हणजे बाराही महिने तुमच्या हाती साधारण सव्वा तास असतो. सुरुवात करायला हिवाळा बरा, असं माझं मत. गारठा असतो खरा, पण सहाला उठणं पावणेपाचला उठण्यापेक्षा केव्हाही सोपं.

आणि बांग ऐकू आली की उठू, या भरवशावर राहू नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी आहे, त्यामुळे वर्षाच्या बहुतेक काळात फजरची अजान मशिदीच्या भिंतींबाहेर फारशी येत नाही. आमच्या लहानपणी बांग व्हायची आणि आजी दार ठोठावायची. आता गजर तुमचा तुम्हालाच लावायचा आहे. अजान ऐकण्याएवढे जवळ असाल, तर तिच्यात एक ओळ कान देऊन ऐका: ‘अस्सलातु खैरुम मिनन्नौम’, नमाज झोपेपेक्षा चांगली आहे. ती फक्त फजरच्याच अजानमध्ये असते, दोनदा.

आदली रात्र

गजर लावणारे सगळेच असतात. उठणारे वेगळं काय करतात, तर ते ईशानंतर गप्पा मारत बसत नाहीत. ईशाआधी झोपणं आणि ईशानंतर गप्पा, दोन्ही पैगंबरांना (स., म्हणजे ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’, त्यांच्या नावापुढची दुआ) आवडत नसे. साडेबाराला फोन ठेवून पाचला उठायचा संकल्प चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी माणूस गजर बंद केल्याचंही विसरतो. माझ्या बाबतीत फोन उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवणं कामी आलं. बंद करायला चालत जावं लागतं, आणि तिथे गेलं की नळ समोरच असतो.

हदीसमध्ये यावर एक सुंदर चित्र आहे. माणूस झोपला की सैतान त्याच्या मानेमागे तीन गाठी मारतो, ‘रात्र मोठी आहे, झोप’ म्हणत. जागं होऊन अल्लाहचं नाव घेतलं की एक गाठ सुटते, वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) केला की दुसरी, नमाज पढली की तिसरी. नवख्याने यातली पहिली गाठ तेवढी डोक्यात ठेवावी. डोळे उघडताच काहीतरी म्हणा, नुसतं ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटलं तरी चालेल. तोंड हललं की झोप निम्मी उतरते.

वजू

आधी एक गोष्ट तपासा. शारीरिक संबंधामुळे किंवा झोपेत स्खलन झाल्यामुळे गुस्ल, म्हणजे पूर्ण आंघोळ, फर्ज झाली असेल तर नुसता वजू पुरत नाही. अशा रात्री गजर वीस मिनिटं आधीचा लावा. तसं काही नसेल तर वजू करायचाच आहे, कारण आडवं होऊन घेतलेल्या झोपेने आधीचा वजू मोडलेला असतो.

बिस्मिल्लाह म्हणून मनगटापर्यंत हात तीनदा धुवा. तीन गुळण्या करा. उजव्या हाताने नाकात पाणी घेऊन डाव्या हाताने नाक साफ करा, तीनदा. मग चेहरा तीनदा: कपाळावर केस उगवतात तिथून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानाच्या पाळीपासून दुसऱ्या कानाच्या पाळीपर्यंत. मग उजवा हात कोपरासकट, मग डावा. ओल्या हातांनी डोक्याचा मसह, म्हणजे पुढून मागे हात फिरवणं, एकदाच; त्याच ओघात कान आतून-बाहेरून. शेवटी उजवा पाय घोट्यासकट, मग डावा, बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवत.

यातल्या चार गोष्टी खुद्द कुरआनात (सूरह, म्हणजे अध्याय, ५; आयत, म्हणजे वचन, ६) सांगितल्या आहेत: चेहरा, कोपरांपर्यंत हात, डोक्याचा मसह आणि घोट्यांपर्यंत पाय. हनफींकडे याच चार फर्ज आहेत. शाफईंकडे त्यात नियत (मनातला संकल्प) आणि हाच क्रम या दोन्ही धरून सहा. वेळ अगदीच काठावर आली असेल तर निदान या जागा कोरड्या राहू देऊ नका.

कोरडं राहतं ते ठरलेल्या दोन ठिकाणी. एक कोपर, कारण थंडीत स्वेटरची बाही अर्धवटच वर जाते आणि पाणी हातावरून खाली येतं, मागच्या टोकाला लागतच नाही. दुसरी टाच. एका पायावर तोल सांभाळत बेसिनमध्ये पाय धुताना टाचेची मागची बाजू हमखास सुटते. कोरड्या टाचांबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे. मी घरी बाथरूममध्ये छोट्या स्टुलावर बसून, तांब्याने वजू करतो. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर, एक तांब्या पुरतो, हे करून पाहिलं की पटतं. नखांवर नेलपॉलिश असेल तर पाणी नखाला लागत नाही, ती काढावी लागते. मेंदी चालते.

जागा, दिशा, कपडे

महाराष्ट्रातून किब्ला, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा, पश्चिमेला, जेमतेम दहा अंश उत्तरेकडे झुकलेला. घरात एकदा होकायंत्राने बघून फरशीची कुठली रेघ त्या दिशेने जाते ते लक्षात ठेवा, म्हणजे अंधारात मुसल्ला (नमाजेची चटई) अंथरताना विचार करावा लागत नाही. पुरुषाचं अंग बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं हवं, बाईचं चेहरा आणि हात सोडून सगळं. झोपेतून उठून तसेच उभे राहणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात: बर्म्युडा बसल्यावर गुडघ्यावर सरकतो आणि आखूड टीशर्ट सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवताना, कमरेवरून वर जातो. दारामागे एक लुंगी आणि एक लांब कुर्ता टांगून ठेवला की प्रश्न मिटला.

सुन्नतच्या दोन रकात

या घरी पढून मशिदीत गेलात तर उत्तम. ‘फजरच्या दोन रकात जगापेक्षा आणि जगात जे काही आहे त्याहून चांगल्या’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलंय, त्या याच. त्या हलक्या ठेवायच्या असतात, लांबवायच्या नसतात.

उभे राहा. नियत मनात करायची असते: मी फजरच्या दोन रकात सुन्नत पढतोय. लांबलचक वाक्य पाठ करायची गरज नाही. हात उचलून ‘अल्लाहु अकबर’ म्हणा. हनफी पुरुष अंगठे कानाच्या पाळीला नेतात, शाफई खांद्याच्या सरळ रेषेत. मग उजवा हात डाव्यावर. हनफी पुरुष बेंबीखाली बांधतात, शाफई छातीखाली, बेंबीच्या वर. हनफी बायका हात छातीवर ठेवतात.

आता सना, म्हणजे सुरुवातीची स्तुती: ‘सुब्हानकल्लाहुम्म व बिहम्दिक व तबारकस्मुक व तआला जद्दुक व ला इलाह गैरुक.’ शाफई इथे ‘वज्जह्तु’ने सुरू होणारी दुसरी दुआ म्हणतात. दोन्ही पाठ नसतील तरी नमाज होते. पाठ हवीच ती फातिहा, कुरआनची पहिली सूरह:

‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम. अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन. अर्रहमानिर्रहीम. मालिकि यौमिद्दीन. इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन. इह्दिनस्सिरातल मुस्तकीम. सिरातल्लजीन अनअम्त अलैहिम, गैरिल मगदूबि अलैहिम वलद्दाल्लीन. आमीन.’

अर्थ डोक्यात असू द्या: सगळी स्तुती जगांच्या पालनकर्त्या अल्लाहची, जो कृपाळू आणि दयाळू आहे, जो निवाड्याच्या दिवसाचा मालक आहे. आम्ही तुझीच भक्ती करतो, तुझ्याकडेच मदत मागतो. आम्हाला सरळ वाट दाखव. ज्यांच्यावर तू कृपा केलीस त्यांची वाट. ज्यांच्यावर कोप झाला त्यांची नव्हे, आणि भरकटलेल्यांचीही नव्हे.

मराठी डोळ्यांनी हे वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना, कारण देवनागरी इथे दगा देते. आपण शब्दाचा शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘इय्याक’ हा शब्द आपण ‘वाचक’सारखा पाय मोडून वाचू, पण तिथे ‘क’ पूर्ण उच्चारायचा आहे, ऱ्हस्व ‘अ’ ऐकू येईल असा. ‘सुब्हान’, ‘अनअम्त’ यांचंही तसंच. दुसरं, अरबीत दोन ‘क’ आहेत, एक आपला आणि एक घशातून येणारा, आणि लिपीत आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो. सूरह इख्लास ‘कुल’ने सुरू होते. घशातल्या ‘क’ने म्हटलं तर त्याचा अर्थ ‘सांग’. आपल्या ‘क’ने म्हटलं तर ‘खा’. नवख्याची चूक माफ असते, पण ती चूक आहे हे माहीत असायला हवं. म्हणून लिपीवरून पाठ करा आणि मग एखाद्या हाफिजजींना (ज्यांना सगळं कुरआन पाठ असतं) म्हणून दाखवा. दोन बैठका पुरतात. लाज वाटू देऊ नका, मोठ्या वयात शिकायला येणारे त्यांना नवे नसतात.

फातिहानंतर छोटी सूरह. फजरच्या सुन्नतमध्ये पैगंबर (स.) पहिल्या रकातीत सूरह काफिरून आणि दुसरीत इख्लास पढत. सुरुवातीला दोन्हीकडे इख्लास म्हटली तरी हरकत नाही: ‘कुल हुवल्लाहु अहद. अल्लाहुस्समद. लम यलिद व लम यूलद. व लम यकुल्लहू कुफुवन अहद.’

‘अल्लाहु अकबर’ म्हणत रुकूत जा: कमरेतून वाका, तळवे गुडघ्यांवर, पाठ सपाट. तीनदा ‘सुब्हान रब्बियल अजीम’. ‘समिअल्लाहु लिमन हमिदह’ म्हणत सरळ व्हा, ‘रब्बना लकल हम्द’ म्हणा. इथे नवखे आणि जुनेही घाई करतात. पाठ पूर्ण सरळ होऊन क्षणभर स्थिर झाली पाहिजे, मगच खाली. शाफई रुकूत जाताना आणि वर येताना पुन्हा हात उचलतात, हनफी उचलत नाहीत.

सजद्यात सात गोष्टी जमिनीला टेकतात: नाकासह कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. बोटं वळवून किब्ल्याकडे. पुरुषांचे कोपर जमिनीपासून वर, बायका अंग आवळून घेतात. तीनदा ‘सुब्हान रब्बियल आला’. उठून बसा, ‘रब्बिगफिर ली’ म्हणा, अर्थ ‘माझ्या रब्बा, मला माफ कर’. पुन्हा तसाच दुसरा सजदा. एक रकात झाली. उभे राहून दुसरी तशीच, सना सोडून.

दुसरीच्या दुसऱ्या सजद्यानंतर बसून राहायचं आहे. इथे अत्तहियात (बसून म्हणायचा पाठ), मग दुरूदे इब्राहीम (पैगंबरांसाठीची प्रार्थना), मग एखादी दुआ, आणि उजवीकडे व डावीकडे मान वळवून ‘अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह’. अत्तहियातमध्ये शहादतीपाशी (अल्लाह एकच असल्याच्या साक्षीपाशी) उजव्या हाताची तर्जनी उचलतात: हनफी ‘ला इलाह’वर उचलून ‘इल्लल्लाह’वर खाली घेतात, शाफई ‘इल्लल्लाह’वर उचलतात. अत्तहियात लांब आहे आणि हनफी-शाफई शब्दांतही थोडा फरक आहे, म्हणून ती इथे छापत नाही. आपल्या मशिदीत जी म्हणतात तीच शिका. पाठ व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कुरआनमधलं काहीच शिकता येत नाही, असं सांगत आलेल्या माणसाला पैगंबरांनी (स.) ‘सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हणायला सांगितलं होतं. शिकत असताना तेच म्हणा, पण नमाज थांबवू नका.

मशिदीत, फर्जसाठी

जमात, म्हणजे इमामामागची सामुदायिक नमाज, कधी उभी राहते हे मशिदीतल्या फळ्यावर लिहिलेलं असतं. शाफई मशिदीत अजाननंतर लवकर, अंधार असतानाच. हनफी मशिदीत उजाडू देतात, बहुधा सूर्योदयाआधी अर्धा तास. रमजानमध्ये मात्र हनफीही सेहरी संपताच पढून घेतात, कारण नंतर थांबलं तर अर्धा मोहल्ला झोपलेला असेल.

इकामत (नमाज सुरू होत असल्याची हाक) झाली की सफ, म्हणजे रांग, लागते. खांद्याला खांदा, टाचा रेषेत. इमाम फजरमध्ये मोठ्याने पढतो आणि बाकी नमाजांपेक्षा लांब, पैगंबर (स.) या नमाजेत साठ ते शंभर आयती पढत. हनफी मुकतदी (इमामामागे पढणारा) गप्प उभा राहतो. शाफई मुकतदी स्वतःची फातिहा हळू आवाजात पढतो. एक नियम सगळीकडे सारखा: इमामाच्या पुढे जायचं नाही. तो रुकूत गेल्यावर तुम्ही, तो उठल्यावर तुम्ही.

उशिरा पोचलात तर धावू नका. इमाम रुकूत असताना तुम्ही उभ्याने तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’, म्हणून रुकू गाठलात, तर ती रकात मिळाली. तो उठून गेला असेल तर मिळाली नाही. तरीही जसा आहे तसा त्याच्याबरोबर सामील व्हा, आणि त्याने दोन्ही सलाम फिरवले की उठून राहिलेली रकात फातिहा आणि सूरहसकट स्वतः पुरी करा.

सुन्नत राहिली आणि जमात उभी झाली, तर? हनफी सांगतात की जमातीचा शेवटचा भाग जरी मिळण्यासारखा असला तरी मागे किंवा बाहेर बाजूला सुन्नत पढून घ्या, सफेत नव्हे. तेवढाही वेळ नसेल तर सोडा आणि हवी तर सूर्य चांगला वर आल्यावर पढा. शाफई थेट जमातीत उभे राहतात आणि सुन्नत फर्जनंतर लगेच पढतात. आपण जिथले, तसं करावं. शेजारी दुसरं करत असेल तर त्याच्याकडे बघत बसू नये.

हे फरक मी पुस्तकातून नाही शिकलो. कॉलेजसाठी पुण्यात आलो तेव्हाची पहिली फजर आठवते. इमामसाहेब ‘वलद्दाल्लीन’वर पोचले आणि मी गावच्या सवयीने खणखणीत ‘आमीन’ म्हणालो. आख्ख्या मशिदीत माझा एकट्याचा आवाज. हनफी आमीन मनात म्हणतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सलामनंतर शेजारचे पांढऱ्या दाढीचे चाचा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘कोकन से आये क्या?’

त्याची परतफेड दोन वर्षांनी झाली. सोलापूरचा माझा खोलीभाऊ सुट्टीत आमच्या गावी आला. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूतून उठल्यावर आमचे पेशइमाम हात वर करून ‘अल्लाहुम्मह्दिनी फीमन हदैत’ म्हणू लागले. ही कुनूत, उभ्याने मागायची दुआ, शाफईंच्या फजरमध्ये रोज असते. हनफी ती वित्रमध्ये पढतात आणि तिचे शब्दही वेगळे. तो बिचारा सवयीने सजद्यात जाऊन पडला आणि डोक्यावर सगळ्यांचं आमीन, आमीन चाललेलं. हनफी माणसाने अशा वेळी हात सोडून गप्प उभं राहायचं आणि इमाम सजद्यात गेला की जायचं. शाफई माणसाला हनफी इमामामागे कुनूत मिळत नाही. त्याने इमामाबरोबर राहावं आणि पुढचा तपशील आपल्या आलिमांना विचारून ठेवावा.

जाग आलीच नाही

येईल असा दिवस. खैबरहून परतताना खुद्द पैगंबर (स.) आणि सहाबांचा (त्यांच्या सोबत्यांचा) काफिला पहाटे झोपून राहिला होता. पहारा हजरत बिलालांकडे होता. ते पूर्वेकडे तोंड करून उंटाला टेकून बसले आणि त्यांचाही डोळा लागला. उन्हाने सगळ्यांना जाग आली. थोडं पुढे सरकून त्यांनी वजू केला, अजान-इकामत झाली आणि फजर पढली गेली. जो झोपला किंवा विसरला त्याने आठवेल तेव्हा पढावी, हा नियम त्याच दिवसाचा.

व्यवहारात असं: डोळा उघडला आणि सूर्योदयाला पाच मिनिटं आहेत, तर वजू करून फक्त फर्ज पढा. सूर्य उगवतोय अशा ऐन क्षणी हनफी पढत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं थांबतात आणि मग कजा करतात, म्हणजे वेळ टळलेली नमाज भरून काढतात. नमाज चालू असताना सूर्य उगवला तर हनफींकडे ती पुन्हा पढावी लागते. शाफईंकडे एक रकात आधी झाली असेल तर नमाज वेळेतली धरतात, आणि झोपेने सुटलेली कजा जाग येताच पढता येते. आठला उठलात तरी पढा. ‘आजची गेलीच, उद्यापासून बघू’ म्हणणाऱ्याची उद्याचीही जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

मासिक पाळीत बायकांना नमाज नाही आणि त्या दिवसांच्या नमाजांची कजाही नाही. प्रवासात जोहर, असर (दुपारनंतरची) आणि ईशाच्या चार रकातींच्या दोन होतात, फजर मात्र दोनाच्या दोनच राहते. रात्रीच्या गाडीने गावी जाताना मी पाण्याची एक बाटली वजूसाठी वेगळी ठेवतो, कारण पहाटे डब्यातल्या नळाला पाणी असेलच असं नाही.

शुक्रवारची फजर

हे मुद्दाम शेवटी ठेवलं. शुक्रवारी फजरमध्ये पैगंबर (स.) पहिल्या रकातीत सूरह सज्दा (३२) आणि दुसरीत सूरह दहर (७६) पढत. कोकणात पुष्कळ मशिदींत अजून तसंच पढतात. सूरह सज्दाच्या १५व्या आयतीवर सजदा आहे. इमाम ती आयत म्हणून ‘अल्लाहु अकबर’ म्हणतो आणि उभ्याचा थेट सजद्यात जातो, रुकू न करता. एकच सजदा, मग पुन्हा उभा राहून पुढच्या आयती, आणि नेहमीचा रुकू त्यानंतर.

ठाऊक नसलेला माणूस अल्लाहु अकबर ऐकून रुकूत वाकतो. पुण्यात बरीच वर्षं काढून दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो, तेव्हा मीही वाकलो, अर्ध्या झोपेत. गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघतोय तर समोरच्या सफेतल्या टाचा दिसण्याऐवजी पाठी दिसल्या. तुमचं असं झालं तर तसेच खाली जा, सगळ्यांबरोबर सजदा करा, सगळ्यांबरोबर उठून हात बांधा. रकात अजून तीच चालू आहे. मी तेच केलं. उठताना माझ्या बाजूला उभा असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा ओठ घट्ट मिटून, नजर सजद्याच्या जागेवर ठेवून, खांदे हलवत हसत होता.